परूशी कोण होणार?



रविवारची उपासना संपली की आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत संडे स्कूल भरतं. एक सतरंजी, एक फळा, सात ते अकरा वर्षांची पंधरा-वीस पोरं, आणि शेवटी मिळणाऱ्या बिस्किटांवर सगळ्यांचा डोळा. तिथे मी बरीच वर्षं शिकवते. मुलांना नम्र विश्वास आणि देवाची दया कशी शिकवावी, यावर आज बोलायचंय. पण सुरुवात माझ्या फजितीपासून करते.

लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेली एक छोटी गोष्ट आहे. दोघेजण मंदिरात प्रार्थनेला जातात. एक परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला; दुसरा जकातदार. परूशी आपण केलेले उपास आणि दिलेलं दान देवाला ऐकवतो, आणि मी या जकातदारासारखा नाही हेही वर सांगतो. जकातदार लांबच उभा राहतो, मान वर करत नाही, छाती बडवून दयेची याचना करतो. देवापुढे नीतिमान ठरून घरी जातो तो हा दुसरा.

म्हटलं, याचं छोटं नाटक करू. तर प्रत्येकाला जकातदारच व्हायचं होतं, कारण शेवटी जिंकतो तो! मग कोण जास्त जोरात छाती बडवतो याची चढाओढ लागली. नम्रपणात पहिला नंबर काढायला निघालेली ती वानरसेना बघून हसावं की रडावं कळेना. ज्याच्या गळ्यात परूशाचं काम पडलं, तो मात्र रुसून बसला. म्हणाला, "टीचर, माझं काय चुकलं? मी उपास केला, दान दिलं."

त्याचं बरोबर होतं. गोष्ट मीच वाकडी सांगितली होती. मी परूशाला पहिल्या वाक्यापासूनच खलनायक केलं होतं. येशूच्या श्रोत्यांना तो तसा वाटलाच नसता. मोशेच्या नियमशास्त्राने वर्षातून एकच उपास सांगितलेला, प्रायश्चित्ताच्या दिवशीचा; हा आठवड्यातून दोन करतो. मिळकतीचा दहावा हिस्सा देतो. असा माणूस आज आपल्या मंडळीत असता तर आपण त्याला खजिनदार केलं असतं. उलट जकातदार म्हणजे रोमन सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून वसुली करणारा, आणि त्यात आपला खिसा भरणारा म्हणून बदनाम. हल्लीच्या मुलांना जकात ठाऊकच नाही. मुंबईतली जकातसुद्धा 2017 साली जीएसटी आल्यावर गेली. "टोलवाले काका का?" असं एकाने विचारलं तेव्हा टोलवाल्या काकांची बाजू घेऊन मला बराच वेळ बोलावं लागलं.

पुढच्या रविवारी तीच गोष्ट परत घेतली. या वेळी परूशाला त्याचा पूर्ण मान देऊन सांगितली, आणि विचारलं, की दोघांनी देवाकडे काय काय मागितलं ते शोधा. एक मुलगी बोट ठेवून दोनदा वाचून गेली आणि म्हणाली, "टीचर, परूशाने काही मागितलंच नाही."

मला वाटतं, नम्र विश्वास मुलांपाशी इथून सुरू करावा. "मी वाईट, मी नालायक" असं मुलांकडून वदवून घेणं म्हणजे नम्रता नव्हे. घरी-शाळेत सतत बोलणी खाणाऱ्या लेकराला तर ते बिलकूल शिकवू नये. जकातदार स्वतःची कोणाशीच तुलना करत नाही. खरं आहे ते बोलतो आणि हात पसरतो. आणि ज्याचे हात आधीच भरलेत, त्याने पसरायचे कसे?

दयेसाठी मी पुढच्या अध्यायातला जक्कय घेते. यरीहोचा मुख्य जकातदार, श्रीमंत, पण बुटका. गर्दीत येशू दिसेना म्हणून झाडावर चढला. मराठी बायबलात ते झाड उंबराचं आहे, आणि ते शोभतंही, कारण मूळचं झाड उंबराचंच भाऊबंद. मी चार चिठ्ठ्या करते: जक्कय झाडावर चढतो, येशू त्याला हाक मारतो, येशू त्याच्या घरी जायला निघतो, जक्कय लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल करतो. चिठ्ठ्या पिसून क्रमाने लावायला सांगितल्या, की बहुतेक मुलं चौपटीची चिठ्ठी आधी लावतात. आधी चूक फेडायची, मग पाहुणा घरी येणार! लूकमध्ये उलटं आहे. पाहुणा आधी निघतो. ती चिठ्ठी जागेवरून हलवताना मुलांच्या कपाळावर जी आठी पडते, ती माझ्या दहा मिनिटांच्या भाषणाने कधी पडली नाही.

तरी "दया" हा शब्द मुलांना अधांतरी वाटतो. तेव्हा मी दौंड तालुक्यातल्या केडगावला येते. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या. तिथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळताना त्यांनी पाहिल्या, आणि ते दृश्य त्यांच्या मनातून गेलं नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशाच स्त्रियांसाठी त्यांनी घर उभं केलं, त्याचं नाव कृपासदन. दयेला छप्पर असतं, चूल असते, हे मुलांना चटकन कळतं.

आणखी एक. लूकने परूशाच्या गोष्टीला लागूनच काय ठेवलंय बघा. लोक येशूकडे लेकरं आणतात, शिष्य त्यांना दटावतात, येशू जवळ बोलावतो. ग्रीकमधला तिथला शब्द तान्ह्या बाळांचा आहे. म्हणजे ज्यांच्या नावावर ना एक उपास, ना दानाचा एक पैसा.

नाटक आम्ही नंतर पुन्हा केलं. रुसलेला मुलगा या वेळी आपणहून परूशी झाला, आणि झकास झाला. बिस्कीट खाता खाता त्याने विचारलं, "टीचर, परूशीपण घरी गेला ना? मग पुढच्या वेळी तो मंदिरात काय म्हणाला?"

लूकने ते लिहिलेलं नाही. मी त्याला तसंच सांगितलं. "मग मी लिहू?" म्हणाला, आणि फळ्याजवळचा खडू घेऊन बसला.