आमच्या घरची पाककृतींची वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाचा मला सराव नाही. शिक्षणही सातवीपर्यंतच. चिटणीसबाई म्हणाल्या, "घरच्या पदार्थांची वही केलीत ना, तिच्याविषयीच चार शब्द सांगा," म्हणून उभी राहिले आहे. चूकभूल झाली तर पदरात घ्यावी.

वहीची कल्पना दुःखातून सुचली. माझी आई सरगुंडे फार सुरेख करी. काडीवर कणकेचा पीळ असा गुंडाळी की, वाळून, शिजून आमरसात पडला तरी आकार मोडत नसे. आई गेली आणि ते प्रमाणही गेले. मी दोन उन्हाळे करून पाहिले. उकळत्या पाण्यात टाकले की नुसता काला होई! तेव्हा मनाशी ठरवले, सासरचे तरी असे जाऊ द्यायचे नाही.

पण आत्याबाई सांगायला तयार होईनात. म्हणाल्या, "तू सारं लिहून घेशीन, मंग मले कोन इचारन?" मला तेव्हा राग आला. आज वाटते, त्यांचे काय चुकले? जिचा सारा मान चुलीपाशी, तिला ही भीती वाटणारच.

मग मी विचारणे सोडले आणि त्यांच्या शेजारी बसू लागले. त्यांची मूठ भांड्यात पडण्याआधी मी वाटी पुढे करी. त्यांची मूठ वेगळी, माझी वेगळी. वाटी मात्र दोघींची एकच. त्यांचा सगळा हिशोब शेराचा. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. देशात १९५८ पासून किलोची वजने आली, तरी घरातले पितळी माप तसेच राहिले. शिवाय मापाचा शेर निराळा. त्यात गहू भरले तर एक वजन, डाळ भरली तर दुसरे. म्हणून जिन्नस मापात भरून काट्यावर तोलला आणि दोन्ही आकडे लिहिले.

अशातच आत्याबाई अंगणात पडल्या आणि खाटेला खिळल्या. बोलणे कमी झाले, जेवणावरची वासना उडाली. एके दुपारी मी त्यांच्याजवळ बसून गोळाभात वाचला: तांदूळ दोन वाट्या, डाळीचा भरडा एक वाटी, तिखट, मीठ, हळद, हिंग, एक चमचा तेलाचे मोहन. तोच त्या एकदम म्हणाल्या, "एका चमच्यानं गोटे होतीन गोटे! तीन घाल, अन् कडकडीत घाल. अन् भात अर्धा शिजल्याबिगर गोळे ठेवू नोको." कित्येक दिवसांनी तो आवाज घरात ऐकला. मी खाली मान घालून लिहीत राहिले. डोळे भरून आले होते.

त्या दिवसापासून रोज दुपारी वाचन होई. सांभारवडी, पाटोडी, रोडगे, कुरडयांचा चीक, एकेक पान त्या तपासत. शेजारच्या सुनाही येऊन बसू लागल्या. विचारणारे कमी झाले नाहीत, वाढले!

आता वही कशी केली ते सांगते. जाड कागद मधोमध दुमडून दाभणाने शिवले. आपल्या वर्ध्याला मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने हातकागदाचे काम केले होते, तेव्हा हाताने केलेल्या वस्तूचे मोल आपल्याला कोणी सांगायला नको. मैद्याची खळ करून पुठ्ठ्यावर आत्याबाईंच्या जुन्या लुगड्याचा काठ चिकटवला. एका पानावर एकच पदार्थ, खाली कोणाकडून शिकले ते, आणि अर्धे पान कोरे. पुढची सून आपला अनुभव तेथे लिहील. शाई पाण्याने पसरते, म्हणून नाव तेवढे शाईने आणि बाकी सारे पेन्सिलीने.

कोणी म्हणेल, बाजारात पुस्तके थोडी आहेत का? आहेत, आणि चांगली आहेत. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' १९१० सालचे, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० सालची. कमलाबाईंचे शिक्षण तर चौथीपर्यंतच. ते कळल्यावर माझ्या वेड्यावाकड्या अक्षराची मला लाज वाटेनाशी झाली. पण माझ्या आईचे सरगुंडे कोणत्या पुस्तकात सापडायचे? ते पान माझ्या वहीत कोरेच आहे. वर फक्त नाव लिहिले आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी अशी म्हातारी माणसे असतील तर पुढच्या सभेला एकेक पान लिहून आणा. अक्षर कसेही असो. आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवायला मात्र विसरू नका.