मूतखडा : कळ थांबली म्हणजे खडा गेला?

(सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा सारांश)



डॉक्टर शेजारी असला की रात्री-अपरात्री बेल वाजायचीच. दारात कुणी कमरेला हात लावून वाकून उभं असलं, की मला अंदाज येतो. पाठीत, बरगडीखाली सुरू होऊन जांघेपर्यंत उतरणारी कळ, धड बसवत नाही की पडवत नाही, सोबत उलटी. बहुधा मूतखडा.

लगेच घाबरू नका. 5 मिलिमीटरपेक्षा लहान खडा बहुतेक वेळा आपोआप पडतो. काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात. तोवर लघवी गाळणीतून गाळा (ती गाळणी चहाला परत नको!) आणि खडा सापडला तर तपासायला द्या. 10 मिलिमीटरच्या वरचा खडा मात्र सहसा आपणहून पडत नाही.

आता मुख्य मुद्दा. कळ थांबली म्हणजे खडा गेलाच, असं नाही. माझ्या एका पेशंटची कळ चार दिवसांत थांबली. श्रेय कुळथाच्या कढणाला मिळालं आणि सांगितलेली सोनोग्राफी राहून गेली. वर्षभरानं वेगळ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली, तर खडा मूत्रनलिकेतच अडकलेला आणि त्या बाजूची किडनी जवळजवळ निकामी! कुळीथ खुशाल खा. पण तपासणी चुकवू नका.

पुढीलपैकी काहीही असेल तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा :

• थंडी वाजून ताप. अडलेल्या लघवीतला जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो.
• लघवी बंद होणे.
• पाणीसुद्धा पोटात न ठरणे.
• औषधानंही न थांबणारी कळ.
• रुग्णाला एकच किडनी असणे, किंवा गरोदरपण.

लघवीत रक्त दिसलं तर, दुखत नसलं तरी, दाखवून घ्या. पेनकिलर मनानं घेत राहू नका. त्यानं किडनीलाच इजा होऊ शकते.

खडा पुन्हा होऊ नये म्हणून दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या, उन्हाळ्यात जास्त. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा. पापड, लोणचं, फरसाण यांतलं मीठ आवरा. दूध मात्र बंद करू नका. आहारातलं कॅल्शियम उलट खडे टाळायला मदत करतं.

पंचवीस वर्षं आपण एकमेकांची बेल हक्कानं वाजवली, पुढेही वाजवा. फक्त कळीबरोबर ताप असेल, तर माझ्या बेलच्या आधी रिक्षा बोलवा.