ओळखीचा माणूस आणि आपले वसतिगृह
(वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



वसतिगृहाचा जमाखर्च आपण आताच ऐकला. त्यात न आलेल्या एका गोष्टीविषयी आम्ही दोन शब्द बोलू इच्छितो. आचारी, पहारेकरी वा गृहपती नेमावयाचा झाला म्हणजे आजवर आपण एकच प्रश्न विचारीत आलो : हा कोणाचा कोण? अमक्यांचा भाचा निघाला की नेमणूक झाली. ही रीत आम्हीही पाळली, हे येथे कबूल करतो. पंगतीत वाढणाऱ्यास एवढी ओळख पुरते. ज्याच्या हाती रात्री मुलांच्या खोल्यांच्या किल्ल्या असतात, त्यास ती पुरत नाही.

इंग्लंडातील सोहॅम गावी ऑगस्ट २००२ मध्ये दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी इयान हंटली हा त्याच गावातील एका विद्यालयाची देखभाल पाहणारा नोकर होता. पूर्वी दुसऱ्या परगण्यात त्याच्यावर लैंगिक गुन्ह्यांचे अनेक आरोप झाले होते. परंतु एकातही शिक्षा झाली नव्हती आणि पोलिसांनी त्यांच्या नोंदी नीट राखल्या नव्हत्या. नेमणुकीच्या वेळी तपास झाला तो त्याने घेतलेल्या 'निक्सन' या नावाचा. बिचर्ड चौकशीने २००४ मध्ये हे दोष उघड केले व त्यातूनच दुर्बलांच्या रक्षणार्थ २००६ चा कायदा तेथे झाला.

आपल्याकडेही पॉक्सो कायद्याखालील २०२० च्या नियमांनी, मुले राहतात वा नित्य येतात अशा प्रत्येक संस्थेवर, कायम असो वा कंत्राटी, सर्व सेवकांची पोलीस पडताळणी ठराविक काळाने करण्याचे बंधन घातले आहे. यातून ज्ञातीचे वसतिगृह सुटलेले नाही.

मात्र पोलिसांचा दाखला म्हणजे शीलाची हमी नव्हे. जो कधी पकडला गेला नाही, त्यासही तो मिळतो. म्हणून पूर्वीच्या मालकाकडे चौकशी व्हावी, सर्व नावे व पत्ते तपासावेत, आणि मुलांना निर्भयपणे बोलता येईल अशी एखादी भगिनी समितीवर असावी. उलट, जुन्या किरकोळ भांडणाची नोंद निघाली म्हणून कोणा गरिबाच्या पोटावर पाय येऊ नये. मिळालेली माहिती चव्हाट्यावरही येऊ नये.

शेवटी एक कटू गोष्ट. 'घरातले घरातच मिटवू' ही आपली जुनी सवय. हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा कळूनही जो संस्थाप्रमुख तो पोलिसांस कळवीत नाही, त्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. ज्ञातीची अब्रू मौनाने राहत नाही. विश्वासाने आपल्या स्वाधीन केलेली मुले सुखरूप घरी परतली, तरच ती राहते.

पडताळणीचा आरंभ वसतिगृहात ये-जा करणाऱ्या आम्हां विश्वस्तांपासूनच व्हावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.