प्रोटीन बारचे वेष्टन कसे वाचावे?

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



माझा विषय खरे तर पीक व्यवस्थापनाचा. हरभऱ्याची पेरणी, सोयाबीनची बीजप्रक्रिया यांविषयी मी एरवी बोलतो. आज मात्र थोडे वेगळे बोलणार आहे. मागच्या मेळाव्यात चर्चासत्र संपल्यावर एक मावशी माझ्याकडे आल्या. त्यांच्या हातात चॉकलेटसारखे चकचकीत वेष्टन होते. त्या म्हणाल्या, "सर, पोरगं पोलीस भरतीची तयारी करतंय. रोज हे दोन लागतात म्हणतंय. एकाला शंभर रुपये पडतात. नाही दिलं तर पोरगं मागं पडंल का?"

हा प्रश्न एकट्या मावशींचा नाही. शहरातील मोठ्या दुकानांत मिळणारे 'प्रोटीन बार' आता तालुक्याच्या गावीही मिळू लागले आहेत. मी ते वेष्टन घेतले आणि आम्ही दोघांनी मिळून ते वाचले. तेच वाचन आज आपल्यापुढे मांडतो. समजण्यास सोपे जावे म्हणून आकडे पूर्णांकात घेतले आहेत.

पुढची बाजू सोडा, मागची बाजू पाहा

वेष्टनाच्या पुढच्या बाजूस जाहिरात असते. मागच्या बाजूस बारीक अक्षरांत दोन गोष्टी छापाव्याच लागतात. एक घटक पदार्थांची यादी आणि दुसरे पोषणमूल्यांचा तक्ता. बियाण्याची पिशवी घेताना आपण चित्रातले टपोरे कणीस पाहत नाही, उगवणशक्ती आणि मुदत पाहतो. येथेही तसेच करावे.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. जो पदार्थ सर्वांत जास्त, तो पहिला. पहिल्या तीन-चार नावांत शेंगदाणे, बदाम, सोया किंवा दुधाची प्रथिने दिसली तर बार नावाला जागतो. तेथेच साखर, ग्लुकोज सिरप किंवा वनस्पती तेल दिसले, तर ती मिठाई समजावी.

येथे एक खुबी लक्षात घ्या. साखर एकाच नावाने येत नाही. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, मध, गूळ ही सगळी त्याच घरची मंडळी. तीन प्रकारची साखर थोडी थोडी घातली की प्रत्येकीचे नाव यादीत खाली जाते, बेरीज मात्र तेवढीच राहते. माल्टोडेक्स्ट्रिन हा पिष्टापासून केलेला पदार्थ चवीला फारसा गोड नसतो. साखरेच्या आकड्यात तो बहुधा मोजला जात नाही, तरी रक्तातील साखर मात्र लवकर वाढवतो.

'साखर नाही' असे लिहिलेल्या बारमध्ये बहुधा माल्टिटॉल (९६५) किंवा सॉर्बिटॉल (४२०) असते. हे पदार्थ जास्त पोटात गेले तर पोट फुगते, जुलाब होतात. सकाळी १६०० मीटर धावायचे आहे अशा मुलाने हे ध्यानात ठेवलेले बरे.

प्रथिने कोणती?

प्रथिने कशापासून घेतली आहेत तेही यादीतच कळते. 'व्हे' म्हणजे चीज किंवा पनीर करताना उरणाऱ्या निवळीतील प्रथिने. ती उत्तम प्रतीची असतात. सोया प्रोटीन आयसोलेट हे तेल काढलेल्या सोयाबीनपासून करतात. त्यात ९० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात आणि तीही चांगली. कोलॅजन किंवा जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून मिळते. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते. म्हणून आकडा मोठा दिसला तरी शरीर बांधणीस ते एकटे पुरेसे नाही. शाकाहारी कुटुंबांनी हिरव्या ठिपक्याची खूणही पाहावी.

आकड्यांचा हिशेब

मावशींच्या हातातील बार ६० ग्रॅमचा होता. पुढे ठळक अक्षरांत '२० ग्रॅम प्रथिने' आणि खाली बारीक अक्षरांत '१०० ग्रॅममध्ये' असे होते. म्हणजे एका बारमध्ये प्रथिने १२ ग्रॅम. कर्बोदके २६ ग्रॅम, त्यांपैकी वरून घातलेली साखर १४ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ ११ ग्रॅम आणि उष्मांक २५०.

एक ग्रॅम प्रथिनांपासून ४, कर्बोदकांपासून ४ आणि स्निग्ध पदार्थांपासून ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. बारा ग्रॅम प्रथिनांचे झाले ४८. म्हणजे २५० पैकी पाचवा हिस्साही प्रथिनांचा नाही. बाकीची ऊर्जा साखर, पिष्ट आणि तेलाची. शिवाय या बारमध्ये प्रथिनांपेक्षा साखर जास्त! माझा साधा नियम असा आहे : घातलेली साखर प्रथिनांपेक्षा जास्त असेल, तर बार परत फळीवर ठेवावा.

'हाय प्रोटीन' या शब्दांनाही भुलू नये. नियमाप्रमाणे १०० ग्रॅम घन पदार्थात दैनंदिन गरजेच्या २० टक्के, म्हणजे सुमारे ११ ग्रॅम प्रथिने असली की तसा दावा करता येतो. आपल्या घरच्या फुटाण्यांत १०० ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम आणि शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. त्यांच्या पोत्यावर असे कोणी छापत नाही, एवढेच.

गरज किती आणि घरात काय आहे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसास दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या मुलास सुमारे ५० ग्रॅम. कसून व्यायाम करणाऱ्यास याहून जास्त लागतात, हे खरे. मग घरच्या जेवणातून किती मिळतात ते पाहू.

ज्वारी किंवा गव्हाचे पीठ ४०० ग्रॅम – ४० ग्रॅम
डाळ व उसळ (कोरडे वजन) ७५ ग्रॅम – १६ ग्रॅम
गाईचे दूध अर्धा लिटर – १६ ग्रॅम
शेंगदाणे ३० ग्रॅम – ७ ग्रॅम
फुटाणे ५० ग्रॅम – ११ ग्रॅम

एकूण ९० ग्रॅम झाली. म्हणजे किलोमागे दीड ग्रॅम. भरतीची तयारी करणाऱ्या मुलास एवढी चांगली पुरतात. अंडी खात असल्यास दोन अंड्यांची १२-१३ ग्रॅम आणखी धरा. तृणधान्यांत लायसिन कमी असते आणि कडधान्यांत मेथिओनिन. भाकरी आणि डाळ एकत्र खाल्ली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेतही शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पूरके टाळण्यास सांगितले आहे.

आता पैशाचा हिशेब. रोज दोन बार म्हणजे महिन्याचे ६,००० रुपये. २०२६-२७ च्या रब्बी विपणन हंगामासाठी हरभऱ्याची आधारभूत किंमत क्विंटलला ५,८७५ रुपये जाहीर झाली. म्हणजे दर महिन्यास एक क्विंटल हरभऱ्याहून जास्त पैसे गेले. साठ बारमधून मुलास ७२० ग्रॅम प्रथिने मिळाली आणि क्विंटलभर हरभऱ्यात असतात सुमारे १८ किलो. हा आकडा ऐकून मावशी थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत.

घरचा लाडू आणि त्याचाही हिशेब

भाजलेले शेंगदाणे ४०० ग्रॅम, डाळवं ४०० ग्रॅम, भाजलेले तीळ १०० ग्रॅम आणि गूळ ३०० ग्रॅम. सर्व कुटून ४० ग्रॅमचे ३० लाडू होतात. एका लाडवात सुमारे ७ ग्रॅम प्रथिने. दीड लाडू म्हणजे ६० ग्रॅम, त्यात प्रथिने १० ग्रॅम, गूळ १५ ग्रॅम आणि उष्मांक सुमारे २७०.

येथे खरे बोलले पाहिजे. हे आकडे त्या बारच्या जवळपासच आहेत. गूळ गावचा असला तरी ती साखरच, आणि मी मघाशी सांगितलेल्या नियमात आपला लाडूही बसत नाही! म्हणून लाडू रोज एक, पळून आल्यावर. बाकी भूक फुटाणे, मोड आलेली मटकी आणि दूध यांवर भागवावी. फरक आहे तो खर्चाचा आणि काय घातले ते आपणांस ठाऊक असण्याचा.

दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. शेंगदाणा बुरशीचा, काळा पडलेला किंवा सुरकुतलेला असेल तर निवडून टाकावा. ॲस्परजिलस बुरशीमुळे तयार होणारे अफलाटॉक्सिन हे विष भाजल्यानेही पूर्ण जात नाही. यासाठी काढणीनंतर शेंगा ८ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवूनच साठवाव्यात. दुसरे म्हणजे कच्च्या सोयाबीनचे पीठ लाडवात घालू नये. त्यातील ट्रिप्सिन रोधक घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतो. सोयाबीन उकळत्या पाण्यात शिजवून, वाळवून, मगच दळावे.

बार कधीच घेऊ नये का?

असे माझे म्हणणे नाही. परीक्षेच्या गावी मुक्काम आहे, जेवणाची सोय नाही, अशा वेळी चांगला बार खिशात असणे सोयीचे. घेताना चार गोष्टी पाहाव्यात : पहिले तीन घटक, एका बारमधील प्रथिने, घातलेली साखर आणि मुदत. मग किमतीस प्रथिनांच्या ग्रॅमने भागावे. शंभर रुपयांत १२ ग्रॅम म्हणजे ग्रॅमला आठ रुपयांहून जास्त. हाच भागाकार फुटाण्यांसाठीही करून पाहावा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र जादा प्रथिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

बचत गटातील भगिनींनाही सांगणे आहे. आपण चिक्की-लाडू विक्रीस ठेवणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्या आणि वेष्टनावर खरे तेच छापा. गुळाचे प्रमाण लपवू नका. आपण दुसऱ्याच्या वेष्टनात जे शोधतो, तेच गिऱ्हाईक आपल्या वेष्टनात शोधणार आहे.

मावशींना मी शेवटी एवढेच सांगितले, "पोरगं मागं पडणार नाही. त्याला वेळेवर जेवू घाला आणि हे वेष्टन त्यालाच वाचायला द्या." त्यांनी ते घडी घालून पिशवीत ठेवले. आपल्या घरातील मुलांनाही हा हिशेब जरूर करायला लावा. हरभरा आपण पिकवतो; त्याचे मोल आधी आपल्या घरात कळले पाहिजे.