सवलतींतला वाटाड्या

आमचे दादा मुलुंडला राहतात. सत्तरी उलटली तरी मोटार स्वतःच चालवितात, आणि आठवड्यांतून दोनदां वहिनींना डायलिसिसकरितां अंधेरी पश्चिमेच्या एका रुग्णालयांत घेऊन जातात. गेल्या महिन्यांत त्यांनीं मला घाटकोपरच्या एका दुकानांत नेलें. तेथें मोटारींत बसवावयाचें एक जुनें जी.पी.एस. यंत्र निम्म्याहून कमी किंमतींत मिळत होतें. पडदा मोठा, अक्षरें ठसठशीत. "मोबाइलवरचीं अक्षरें मला दिसत नाहींत, आणि ऐन वळणावर कोणाचा तरी फोन येऊन नकाशाच नाहींसा होतो," असें दादांचें म्हणणें. तक्रार खोटी नव्हती.

श्रोतेहो, अशा यंत्रांत दोन निरनिराळ्या वस्तु असतात आणि आपण त्यांस एकच समजतों. एक भाग सुमारें वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश ऐकून आपण कोठें आहों तें ठरवितो. त्यास इंटरनेट लागत नाहीं. कसारा घाटांत मोबाइलची रेंज गेली तरी तो आपलें काम करीत राहतो. मात्र हा भाग आज बहुतेक स्मार्टफोनमध्यें असतोच. दुसरी वस्तु नकाशा, आणि तो ज्या वर्षीं भरला त्या वर्षाचा असतो.

पहिल्या भागांतही एक मेख आहे. उपग्रह दिनांक सांगतात तो आठवडे मोजून, आणि १०२४ आठवडे भरले कीं ती मोजणी पुन्हां शून्यापासून सुरू होते. जानेवारी १९८० पासूनची ही मोजणी ऑगस्ट १९९९ मध्यें एकदां आणि एप्रिल २०१९ मध्यें दुसऱ्यांदां शून्यावर आली. ज्या जुन्या यंत्रांत याची तरतूद नव्हती, त्यांपैकीं कांहीं जवळजवळ वीस वर्षें मागचा दिनांक दाखवूं लागलीं. म्हणून दुकानदारास विनंती करून आम्हीं तें यंत्र फुटपाथवर, मोकळ्या आकाशाखालीं सुरू केलें. थोड्या वेळानें स्थान बरोबर आलें, दिनांकही बरोबर. दादांची कळी खुलली.

मग मीं नकाशाची आवृत्ति पाहिली. ती २०१२ ची. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता एप्रिल २०१४ मध्यें खुला झाला. यंत्राच्या लेखीं तो नव्हताच. या नमुन्याला नवा नकाशा मिळणें आतां बंद झालें आहे, हें दुकानदारानेंच प्रामाणिकपणें सांगितलें.

दादा रूळ ओलांडतात ते गोखले पुलावरून. त्याचा पादचाऱ्यांचा भाग ३ जुलै २०१८ रोजीं कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्यें पूल वाहनांना बंद झाला. नव्या पुलाची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्यें आणि दुसरी मे २०२५ मध्यें खुली झाली. मधल्या काळांत या यंत्रानें दादांना निःशंकपणें बंद पुलाच्या तोंडाशीं नेऊन उभें केलें असतें. आज त्याचें उत्तर बरोबर येतें, पण त्यांत यंत्राचें कर्तृत्व कांहींच नाहीं! आणि पावसाळ्यांत अंधेरीचा सबवे पाण्यानें भरून बंद होतो, त्या दिवशीं काय? त्या दिवशीं वाट चुकणें म्हणजे वहिनींची वेळ चुकणें. रस्त्यावरील इतरांच्या मोबाइलची गति मंदावली यावरून मोबाइलवरच्या नकाशाला वाहनें तुंबल्याचें निदान कळतें. २०१२ च्या नकाशाला तेवढेंही कळावयाचें नाहीं.

ज्या जुन्या यंत्राला चालू सालचा नकाशा मिळतो, तें थोडे अधिक पैसे देऊनही घ्यावें, असें मी म्हणेन. हें आम्हीं घेतलें नाहीं. दादांची अडचण पडद्याची होती, उपग्रहांची नव्हती. त्यांच्या मुलाचा सिमकार्ड बसणारा एक टॅब्लेट घरांत नुसता पडून होता. तो समोरच्या कांचेआड दृष्टि अडणार नाहीं अशा बेतानें बसविला, अक्षरें मोठीं केलीं, त्यांत वेगळें सिमकार्ड घातलें आणि त्याचा क्रमांक कोणासही दिला नाहीं. मुंबईचा नकाशाही आंत उतरवून ठेवला. तो अधूनमधून नव्यानें उतरवावा लागतो. तें काम माझ्याकडे आलें आहे.