बक्षीस कशाचे, आणि कोणत्या क्षणी?



काष्टीच्या जनावरांच्या बाजारात जाणते गिऱ्हाईक पहिलारू गायीच्या कासेला हात लावून पाहते. ती शांत उभी राहिली, तर सौदा पुढे सरकतो. हा शांतपणा तिला कोणी, कसा शिकविला?

समजूतदार शेतकरी कालवड विण्यापूर्वीच आरंभ करतो. प्रथम पाठीवर हात. ती स्थिर राहिली की लगेच मूठभर पेंड. पाठीची सवय झाली की पोट, मग मांडी, शेवटी कास. तिने लाथ उगारली, तर तो एक पायरी मागे येतो. मारझोड करणाऱ्याचा तोटाच होतो. भ्यालेले जनावर पान्हा चोरते; भीतीने स्रवणारे अ‍ॅड्रिनॅलिन पान्हा सोडविणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या आड येते.

मानसशास्त्रात यास साधक अभिसंधान म्हणतात. अमेरिकेतील बी. एफ. स्किनर यांनी 1943 साली मिनिआपोलिसच्या एका पिठाच्या गिरणीच्या माथ्यावर, सहकाऱ्यांसह, कबुतराला चोचीने लाकडी चेंडू टोलविण्यास शिकविण्याचे ठरविले. पूर्ण टोल्याची वाट पाहिली. कबुतर काही टोला मारीना. मग नुसते चेंडूकडे पाहिले तरी दाणे दिले, पुढे जवळ गेल्यावरच, त्यापुढे चोच लागल्यावरच. काही मिनिटांत चेंडू पेटीच्या भिंतींवर आदळू लागला. गोठ्यातील युक्ती हीच होती. फक्त तिला तेव्हा नाव मिळाले नव्हते.

मात्र हा नियम चांगले-वाईट जाणत नाही. दुकानात मूल चॉकलेट मागते. आई नको म्हणते. मूल कुरकुरते, तरी नकार. मोठ्याने रडते, तेव्हा लोकलाजेस्तव चॉकलेट हाती येते. पुढच्या खेपेस आई तेवढ्या रडण्याला दाद देत नाही, म्हणून मूल जमिनीवर लोळते आणि जिंकते. पायरी-पायरीने आक्रस्ताळेपणा घडविणारी ही शाळा घरोघरी चालते, आणि तिच्या शिक्षकांना आपण शिकवीत आहोत याची वार्ताही नसते!

त्यातही दहांपैकी एकदाच मिळालेले बक्षीस अधिक चिवट सवय लावते, कारण पुढच्या खेपेस मिळेल ही आशा सुटत नाही. देणे अजिबात बंद केले की आरंभी रडे अनेकदा वाढते. त्या काही दिवसांत आई ठाम राहिली, पण आजोबांनी हळूच खिशातून गोळी काढली, तर मुलाला मोबदला मिळतो तो त्या वाढलेल्या रड्याचा.