फोटोतली बाई कोण?

आज बचतीचं नाही, कर्जाच्या हप्त्याचंही नाही. आज एका फोटोचं सांगते.

मागच्या पोळ्याच्या आधी आमच्या भागातल्या एका जुन्या वाड्याची वाटणी झाली. माळ्यावरचं सामान खाली काढलं. तांब्या-पितळेची भांडी भावाभावांनी वाटून घेतली, उरलेलं रद्दीच्या पोत्यात गेलं. आमच्या गटाची बैठक त्याच ओसरीवर होती. पोत्यातून एक जाड अल्बम डोकावत होता, तो मी मागून घेतला.

आत पुठ्ठ्यावर चिकटवलेले तपकिरी फोटो. एकात पगडीवाला गृहस्थ खुर्चीत बसलेला, बाजूला नऊवारीतली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी उभी. नाकात नथ, चेहऱ्यावर हसू नाही. त्या काळी फोटो निघेपर्यंत अजिबात हलायचं नसे, म्हणून सगळेच असे ताठ दिसतात. मागे शाईनं गृहस्थाचं पूर्ण नाव, सन १८९६, आणि शेवटी एकच शब्द : सहकुटुंब. पूर्वी बायकोलाच कुटुंब म्हणत. म्हणजे त्या मुलीचं नाव झालं कुटुंब.

असे फोटो आपल्या वऱ्हाडात मोजक्याच घरी निघायचे. १८६७ साली रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली, कापसाचा पैसा आला, त्या पैशाबरोबर ही हौसही आली. ज्यांच्या हातांनी तो कापूस वेचला त्या आपल्या पणज्यांचे फोटो कुठेच नाहीत, हेही ध्यानात ठेवा. आणि एक गंमत. त्या काळचे बरेच फोटो ज्या कागदावर छापत, त्याला अंड्यातला पांढरा भाग लावलेला असे. सोवळ्याच्या घरात देवघराशेजारी असा फोटो टांगलेला असायचा आणि कोणाला पत्ताच नसायचा!

परक्या पुरुषासमोर बाईनं फोटोला बसायचं, हीच तेव्हा मोठी अडचण. १८९२ साली लाला दीनदयाळ या नामांकित छायाचित्रकारांनी हैदराबादेत फक्त बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. तिथे फोटो काढणारीही बाईच होती, केनी-लेविक नावाची इंग्रज बाई. तेव्हा वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता, पण नावाला मालकी त्याच हैदराबादच्या निजामाची.

आता दुसरा फोटो आठवा. आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेत गेल्या. तिथल्या फिलाडेल्फिया शहरात १८८५ साली त्यांचा एक फोटो निघाला. सोबत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. फोटोखाली तिघींची नावं आणि गावं लिहिली आहेत. नावांची अक्षरं थोडी इकडची तिकडे झालीत, पण आहेत. दीड वर्षानं, बाविसावं वर्ष पूर्ण व्हायच्या आधीच आनंदीबाई गेल्या. तरी एकशे चाळीस वर्षांनी आपण फोटोवर बोट ठेवून सांगतो, ह्या आनंदीबाई.

आणि आमच्या अल्बममधली? वाड्यातल्या शिकल्यासवरल्या नातवंडांना विचारलं. कोणी म्हणालं पणजी असेल, कोणी म्हणालं दुसरीच कोणीतरी. शेवटी स्वयंपाकघरात बसलेल्या सत्त्याऐंशी वर्षांच्या आजींकडे फोटो नेला. त्यांनी डोळ्याजवळ धरला, नथीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे तं माह्या आजेसासूबाई होत. म्या लगन होऊन आली तवा होत्या ना." मग माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव, सगळं सांगितलं. मी विचारलं, आजी, इतके दिवस बोलल्या का नाही? तर म्हणे, "कोनी इचारलंच नाही वं बाई."

नाव मी इथे सांगत नाही, ते त्या घरचं आहे. पण त्यांना डोळ्यानं पाहिलेलं माणूस आता त्या घरात एकच उरलंय, आणि ते सत्त्याऐंशीचं आहे.

नाव लिहिताना एक शिकले. शाईचा पेन नको, कागदातून उतरतो. मऊ पेन्सिलनं, मागच्या बाजूला, कडेला, हलक्या हातानं लिहायचं. फोटो ओल्या फडक्यानं पुसायचा नाही. फेविकॉल लावायचा नाही. प्लॅस्टिकच्या थैलीत पावसाळ्याची ओल कोंडते, म्हणून कोऱ्या पांढऱ्या कागदात गुंडाळायचा. टिनाखालच्या माळ्यावर तर ठेवूच नका, आपला उन्हाळा माहीत आहे. मोबाईलनं एक प्रत काढून ठेवायची, सावलीत, फ्लॅश न लावता.

आपल्या गटातल्या कितीतरी म्हाताऱ्या बायांचा आयुष्यातला पहिला फोटो बँकेच्या पासबुकासाठी निघाला. तोही चालेल. पुढच्या बैठकीला घरातला सगळ्यात जुना बाईमाणसाचा फोटो घेऊन या, आणि येण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारून या. पेन्सिली मी आणते. लॅमिनेशन मात्र करून आणू नका.